झेंडू बांधलेली एकनळी

माझ्या टेबलावर आजवर नाना तऱ्हेच्या बंदुका आल्या, पण नळीला झेंडूची माळ बांधलेली बंदूक एकदाच आली, आणि ती घेऊन येणारा माझा सख्खा थोरला भाऊ होता. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. लाकडी दस्त्यावर खंडेनवमीचं हळदकुंकू तसंच होतं. खानापूरकडच्या आमच्या गावापासून बेळगावापर्यंत अण्णा ती घोंगड्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन आला होता. शेजारच्या माणसानं हे काय आहे विचारलं, तेव्हा यानं सरळ "बंदूक हाय" म्हणून सांगितलं म्हणे. तो माणूस हसला आणि झोपी गेला.

आधी मी कोण ते सांगते. एका शाळेच्या कचेरीत मी एकतीस वर्षं क्लार्क होते. शाळा सोडल्याचे दाखले, जन्मतारखा, जातीचे कागद, काही कन्नडमधले, काही मराठीतले, काही इंग्रजीतले. कागद हातात घेतला की खोट कुठं आहे ते मला वासानं कळतं, असं मी सांगत फिरायचे. निवृत्त झाले आणि टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये बसून भिंतींशी भांडायला लागले. नवरा आधीच गेलेला, मुलगी पुण्याला. त्याच सुमारास कंग्राळीच्या पुढं, शेतं सुरू होतात तिथं, एका निवृत्त सुभेदारांनी नेमबाजीची रेंज काढली होती. शाळा-कॉलेजची मुलं तिथं छर्‍याच्या रायफलवर सराव करतात आणि शनिवारी परवानेवाले लोक आपापली बंदूक आणून चालवतात. सुभेदारसाहेबांना तिन्ही भाषांतले कागद वाचणारं माणूस हवं होतं. मी गेले आणि तिथंच रुजले.

माझं काम एवढंच, की बंदूक आत जाण्याआधी तिचा कागद बघायचा. परवाना मूळ पाहिजे, झेरॉक्स चालणार नाही. परवान्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा एकाच माणसाचा पाहिजे. नळीवरचा नंबर भिंगातून वाचून परवान्याच्या वहीतल्या नंबराशी लावून बघायचा. मुदत संपली नाही ना, आणि परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे, तेही बघायचं.

हद्दीचं तर विचारू नका. निपाणीकडचे एक तंबाखूवाले काका मोठ्या कौतुकानं सांगत होते, की पलीकडं महाराष्ट्रात, कागलला भाच्याच्या लग्नात आपण बंदूक खांद्यावर टाकून फोटो काढला. परवाना फक्त कर्नाटकापुरता. मी म्हटलं, "काका, नाका ओलांडला तेव्हा बंदूक तीच राहिली, पण तुम्ही गुन्हेगार झालात."

"आमची निम्मी जिमीन तिकडंच हाय की ओ बाई," काका म्हणाले.

"जमिनीला परवाना लागत नाही," मी म्हटलं. त्या उत्तरावर मी आठवडाभर खूश होते.

एक ऊसवाला तर त्याच्याही वरताण निघाला. त्यानं पिशवीतून एक लोखंडी नळकांडं काढलं आणि म्हणाला, "ह्ये फुडं बसवलं की आवाज येत न्हाय. आवाजानं डुकरं पळत्यात ओ." सायलेन्सर! मी खुर्चीतून ताडकन उठले. बंदुकीला निदान कागद तरी असतो, पण त्या नळकांड्याचा परवाना तुमच्या-माझ्यासारख्याला मिळतच नाही. कुणीतरी मोबाईलवरून मागवून दिलं म्हणाला. हात जोडले, पोरंबाळं आहेत म्हणाला. मी फोन उचलून पोलिसांना कळवलं. नंतर तो वर्षभर ठाण्यात हेलपाटे घालत होता, हे मला ठाऊक होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. रात्री झोप चांगली लागली.

त्या प्रकरणानंतर मी भिंतीवरच्या नियमांत शेवटचा एक नियम वाढवला. वर कन्नड, खाली मराठी, त्याखाली इंग्रजी, असा आमचा बोर्ड होता. मराठी मजकूर माझा. "कागद जुळत नसतील तर हत्यार टेबलावरच राहील व पोलिसांना कळवण्यात येईल. ओळख, वशिला, नातं चालणार नाही." सुभेदारसाहेब म्हणाले, "मॅडम, नातं कशाला लिहिलंत? इथं कोण नात्यातला येतोय?" मी म्हटलं, "असू द्या साहेब. आपल्याकडं पाणी नात्यातच मुरतं." तो बोर्ड अजून तिथंच आहे. टेबलावर मात्र आता मी नाही.

अण्णा आणि मी, आम्ही दोघंच भावंडं. त्या एकनळीवर आमच्या वडिलांचा, आप्पांचा, फार जीव. शेतात डुकरं आणि गवे उतरतात म्हणून सरकारनं त्यांना परवाना दिलेला. खंडेनवमीला कोयता, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं आणि मधोमध बंदूक. पूजा झाली की आप्पा माळावर जाऊन एक बार काढायचे. तो आवाज ऐकल्याशिवाय आमच्या घरी त्या दिवशी कुणी जेवत नसे. मी बारा वर्षांची असताना त्यांनी मला ती चालवायला दिली. समोर बांधावर डबा ठेवला होता, आणि मी तो पहिल्याच बाराला पाडला. अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा असून कान दाबून बसला होता. पुढं लग्न होईपर्यंत दरवर्षी डबा मीच पाडायचे. तोही कायद्यानं गुन्हाच होता, हे मला साठीला आल्यावर कळलं.

तेव्हा आप्पा जाऊन तीन वर्षं झाली होती. ते गेले त्यानंतर तिसऱ्या महिन्यात अण्णा टिळकवाडीला आला होता. एक लखोटा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "वाच आणि सही कर. घाई न्हाय." शेजारच्या वकिलीणबाई तेव्हा चहाला आल्या होत्या. लखोट्याच्या फटीतून स्टँप पेपरची हिरवी कड दिसत होती. अण्णा चहा पिऊन बस धरायला गेला, आणि दार लागताच बाई म्हणाल्या, "भावानं स्टँप पेपर आणला म्हणजे हक्कसोडच हो. बहिणीचा वाटा असाच जातो. सही करू नका."

मी लखोटा थोडासा उघडला. "मयताचे वारस" एवढे शब्द दिसले आणि माझं टाळकं फिरलं. आप्पांची चिता विझते न विझते तोवर याला जमीन लिहून पाहिजे! मी तो लखोटा तसाच बंद केला आणि आईच्या इरकल लुगड्याच्या घडीखाली ठेवून दिला. माझ्या घरात प्रत्येक कागदाला फाईल आहे, वीजबिलालासुद्धा. त्या लखोट्याला मी फाईल लावली नाही. मागितली सही तर बघते, म्हटलं. अण्णानं पुन्हा विषयच काढला नाही, त्यामुळे माझा संशय आणखी पक्का झाला. चोराच्या मनात चांदणं, असं मीच ठरवून टाकलं. मग मी दसऱ्याला गावी जायचं बंद केलं. पहिल्या वर्षी गुडघे, दुसऱ्या वर्षी रेंजचं काम, तिसऱ्या वर्षी कारणही दिलं नाही.

आणि त्या शनिवारी तो दारात उभा. क्षणभर मी त्याला ओळखलंच नाही, इतका वाळला होता.

"आलो बघ," तो म्हणाला. "तू येईनास, म्हनलं आपुनच जावं."

टेबलापुढं सात-आठ लोक रांगेत होते. त्यानं घोंगडं उलगडलं आणि बंदूक माझ्यापुढं ठेवली. झेंडूच्या पाकळ्या माझ्या रजिस्टरवर पडल्या.

"गावात बार काढाय आता बंदी हाय," तो म्हणाला. "वर आभाळात उडीवला तरी पोलीस उचलत्यात. आप्पा गेल्यापास्नं ही मुकीच बसलीया. म्हनलं, आपली भन हाय तितं कायद्यानं बार काढता येतोय. चल, एक बार काढू. तूच काढ. डबाबी आनलाय मी."

खरोखरच त्यानं पिशवीतून तेलाचा रिकामा डबा काढला. लोक हसायला लागले. मला आतून भरून आलं, पण लोकांपुढं माझा एक रुबाब होता ना! मी हात पुढं करून म्हटलं, "आधी कागद. इथं भाऊबिऊ कुणी नाही." पुन्हा हशा. अण्णाही हसला. त्यानं कापडदुकानाच्या पिशवीतून परवान्याची जुनी वही काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

वही उघडली तर फोटो आप्पांचा. फेटा बांधलेला, कोटाचं वरचं बटण लावलेलं. बघून मला बरंच वाटलं आधी. मग मी पान उलटलं, पुन्हा मागं आले, पुन्हा उलटलं.

"हा आप्पांचा आहे," मी म्हटलं. "तुझा कुठाय?"

"त्योच की."

"अण्णा, आप्पा जाऊन तीन वर्षं झाली."

"मला म्हाईत न्हाय व्हय?" तो म्हणाला. "ह्या बघ की पावत्या. इलेक्शनला ठाण्यात जमा केलती. दोन येळा केली, दोन येळा त्यांनीच माघारी दिली. शिक्का हाय, सही हाय. खोटी असती तर पोलिसांनी दिली असती व्हय माघारी?"

आमच्या भागात निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, मतमोजणी झाली की परत मिळतात. अण्णानं दोन्ही निवडणुकांना इमानानं बंदूक नेऊन दिली होती. तिथल्या लिहिणाऱ्यानं वहीतलं नाव पावतीवर उतरवून घेतलं, "च्या वतीने" म्हणून अण्णाची सही घेतली, शिक्का मारला. वहीतला माणूस जिवंत आहे का, हे लिहिणाऱ्यानं विचारलं नाही आणि अण्णानं आपणहून सांगितलं नाही, कारण ते तर सगळ्या गावाला माहीत होतं. आप्पा गेल्यानंतरच्या दोन निवडणुकांत, कागदोपत्री, आप्पांनीच बंदूक जमा केली होती आणि आप्पांनीच ती परत नेली होती. आमच्या अण्णाच्या दृष्टीनं त्या दोन पावत्या म्हणजेच नूतनीकरण.

मी वही मिटून टेबलावर ठेवली. परवानाधारक गेला की परवाना त्याच्याबरोबर संपतो. बंदूक जमा करायची, वारसानं आपल्या नावानं अर्ज करायचा. हे मी दर महिन्याला कुणा ना कुणाला ऐकवत होते. आणि माझा भाऊ बिनपरवान्याची बंदूक मांडीवर घेऊन, रुमालात दोन काडतुसं बांधून, अख्खा रस्ता बसनं येऊन नेमका माझ्याच टेबलापुढं उभा राहिला होता, आणि तेही कायद्यानं वागायचं म्हणून!

सुभेदारसाहेब बाहेर आले. त्यांनी बंदूक मधून वाकवून नळी रिकामी आहे ना बघितली, वही बघितली, माझ्या तोंडाकडं बघितलं. मला पाण्याच्या टाकीकडं नेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आपण काही बघितलं नाही. घोंगडं गुंडाळून द्या. गावच्या ठाण्यात नेऊन जमा करील तो. म्हातारा माणूस आहे."

मी बोर्डाकडं बघितलं. नातं चालणार नाही. रांगेतले सगळे माझ्याकडं बघत होते. नळकांडंवाला ऊसवाला मला आठवला, त्याचे जोडलेले हात आठवले. त्याला एक नियम आणि माझ्या भावाला दुसरा, असं कसं करायचं? मी फोन उचलला.

नियमासाठीच उचलला, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. पण खोटं कशाला बोलू? आत तीन वर्षांचा राग होता. घे, कागदाची हौस होती ना तुला, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं. नंबर फिरवता फिरवता आलं. साठी उलटलेली, देवधर्म करणारी बाई मी, आणि माझ्याच मनात हे आलं याचा धक्का मला अजून बसतो.

"कुनाला लावतीस फोन?" अण्णानं विचारलं.

"पोलिसांना."

त्याला आधी ती थट्टाच वाटली. तो हसला. मग मी फोनवर रेंजचं नाव सांगितलेलं त्यानं ऐकलं. "बरं," तो म्हणाला. घोंगड्याची नीट चौघडी घातली, बाकड्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी बसला. तेलाचा डबा त्याच्या पायाशी होता.

तासाभरानं दोन पोलीस आले. हवालदार कन्नड बोलणारा, शांत माणूस. त्यानं नंबर उतरवून घेतला, काडतुसं मोजली, माळ सोडवून बाजूला ठेवली. माझ्याकडं वळून कन्नडमधून विचारलं, हे तुमचे कोण?

"अण्णा," मी म्हटलं. हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही. हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा अण्णाकडं आणि एकदा फोनकडं बघितलं, आणि पुन्हा लिहायला लागला.

मग त्यानं अण्णाला विचारलं, वडील वारल्यावर वारस म्हणून अर्ज का केला नाही?

"केलता की तयार, सायेब," अण्णा मोडक्या कन्नडमधून म्हणाला. "दुसऱ्या वारसाची संमती जोडा म्हनाले. धाकटी भन हाय एक."

"मग?"

अण्णानं माझ्याकडं बघितलं नाही. जाणून बघितलं नाही. "ऱ्हायलं सायेब," तो म्हणाला. "माझ्याच्यानंच ऱ्हायलं."

कसली संमती? मला कधी कुणी बंदुकीचं काही विचारलं होतं? तो जीपमध्ये चढत असताना मी धावत गेले आणि विचारलं, "अण्णा, कसली संमती? मला कधी दिलास कागद?"

"दिलता की लखोटा," तो म्हणाला. "टिळकवाडीला आलतो न्हवं? चा पिऊन गेलतो." आणि मग माझं तोंड बघून त्याच्या लक्षात आलं. "तू वाचला न्हाईस व्हय?"

त्यानं रागानं विचारलं असतं तर मला पेललं असतं. तो नुसता चकित झाला होता. आपली बहीण, जी किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते, तिनं हा वाचला नाही, हे त्याला खरंच समजत नव्हतं. जीप गेली. डबा बाकड्याखालीच राहिला.

घरी आले तेव्हा ऊन होतं अजून. चप्पल न काढता कपाट उघडलं आणि आईचं इरकल बाहेर ओढलं. लखोटा जसा ठेवला तसाच होता. मी पलंगावर बसून वाचायला लागले. कन्नड मजकूर, छापील कचेरीच्या भाषेतला, असले शेकडो मी वाचले असतील. मयत अमुक यांच्या नावे असलेली एकनळी बंदूक, नंबर अमुक, ती त्यांचा मुलगा यांच्या नावे करण्यास मी, मयताची मुलगी, हिची हरकत नाही. खाली माझ्या सहीसाठी जागा कोरी.

जमीन कुठं आहे? मी पुन्हा वाचला. पाठपोट बघितला. जमिनीचा, घराचा, वाट्याचा एक शब्द नव्हता. मी तिसऱ्यांदा वाचला. मला अजूनही तिथं जमीन सापडायला हवी होती, म्हणजे तीन वर्षांचा माझा राग निदान फुकट तरी गेला नसता.

मागं आणखी एक कागद टाचलेला होता. तोही स्टँप पेपर. मयताच्या नावे असलेली एकनळी बंदूक, नंबर तोच, ती त्यांची मुलगी हिच्या नावे करण्यास मी, मयताचा मुलगा, याची हरकत नाही. सदर मुलीस बंदुकीची माहिती असून ती चालवण्यास ती सक्षम आहे. आणि त्याखाली अण्णाची सही. वळणदार, दाबून काढलेली, शाळेत पाटीवर काढायचा तशी.

मी त्या कागदाकडं किती वेळ बघत बसले, सांगता येणार नाही. त्यानं माझ्यापुढं दोन कागद ठेवले होते. बंदूक तुला पाहिजे तर तू घे, नको असली तर मला दे. पहिली निवड माझी. आणि मी त्याला चोर ठरवून तीन दसरे घरात बसून काढले होते. मला रडू आलं नाही. मी इतकी हबकले होते की उठून कपाटातल्या सगळ्या फायली काढल्या आणि त्यात असं न वाचलेलं आणखी काय काय आहे ते बघत सुटले.

ठाण्यात फोन केला तर कळलं की त्याला जामिनावर सोडलं आहे, उद्या सकाळी पुन्हा बोलावलं आहे. तो माझ्याकडं आला नाही. अनगोळला आमचा मावसभाऊ राहतो, तिथं मुक्कामाला गेला. इतक्या वर्षांत बेळगावात आला आणि माझ्या घरी जेवला नाही, असं त्या रात्री पहिल्यांदा झालं.

सकाळी मी त्याच्याआधी ठाण्यात पोचले. लखोटा पोटाशी धरला होता. अण्णा आला आणि माझ्याशेजारीच बसला. "च्या घेतलीस?" एवढंच विचारलं.

फौजदार तरुण होता, पण कागदाचा पक्का. तो म्हणाला, "बंदूक जाणूनबुजून लपवून ठेवली होती, का अर्ज अडकून राहिला होता, यावर पुढचं सगळं आहे. पहिलं असेल तर यांच्यावर खटला होईल. काल माहिती तुम्हीच दिलीत. तुमचा जबाब काय?"

मी दोन्ही कागद त्याच्यापुढं ठेवले. "संमतीचा कागद तीन वर्षं माझ्याकडं होता," मी म्हटलं. "भावानं घरी आणून दिला होता. मी तो वाचला नाही."

"तुमचं काम तर कागद वाचायचंच आहे ना?"

"हो."

"मग का वाचला नाही?"

अण्णा शेजारीच होता. सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. "मला वाटलं, हा जमीन मागतोय."

अण्णानं मान वळवली. रेंजवर पोलिसांना फोन लावला तेव्हा नव्हता बसला इतका धक्का त्याला आता बसला. "जिमीन?" तो म्हणाला. "तुझी? मी?" मग हळूच, फौजदाराला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "तुझ्या वाट्याला बांध घातलाय की गं मी. काजू लावल्यात त्यात. दोन वरसात धरतील. सांगायचं म्हनून तर दर दसऱ्याला वाट बघत व्हतो."

फौजदारानं आमच्याकडं बघायचं टाळलं आणि लिहिणाऱ्याला जबाब टाईप करायला सांगितलं.

त्या जबाबामुळं अण्णावर खटला झाला नाही, एवढं सांगून ठेवते. बंदूक अजून ठाण्याच्या कोठीतच आहे, वारसाचा अर्ज वर गेला आहे. मी रेंजचं टेबल सोडलं. सुभेदारसाहेबांनी कारण विचारलं नाही. ऊसवाल्याकडंही एकदा जाऊन आले. तो दारात उभा राहून बोलला, आत या म्हणाला नाही.

पण त्या सकाळी यातलं काहीच ठरलं नव्हतं. प्रिंटरमधून दोन पानं निघाली. लिहिणाऱ्यानं ती माझ्यापुढं सरकवली, वर पेन ठेवलं, आणि जिथं सही करायची तिथं बोट टेकवलं. मी पानं उचलली.

अण्णानं घड्याळ बघितलं. "कर की गं सही," तो म्हणाला. "तूच सांगितलंस, तेच असनार. काय वाचतीस? माझी बस चुकंल."

"चुकू दे," मी म्हटलं. "थांब. मला वाचू दे."

आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.